तुलना कुणाशी? : प्रायोगिक संशोधन वाचताना



आयुष्यभर कविता-कादंबऱ्या शिकवलेल्या बाईने संशोधनाची रचना, नमुना आणि संख्याशास्त्र यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. हा विषय मी का घेतला हे सांगायचे, तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातील एका गावात मराठी माध्यमाचा वर्ग बंद होणार अशी चर्चा होती. घरी मराठी बोलणारी मुले मराठीतूनच शिकू लागली तर वाचलेले त्यांना अधिक चांगले समजते, असा माझा विश्वास होता, आजही आहे. तो सिद्ध करावा म्हणून मी दोन शाळा घेतल्या. एकीत मुले मराठीतून शिकत होती. दुसरी मंडलाच्या गावी होती आणि तिथे मराठी घरांतलीच मुले दुसऱ्या माध्यमातून शिकत होती. दोन्हीकडे चौथीच्या मुलांना त्या त्या माध्यमातला एक उतारा दिला, प्रश्न विचारले, गुण मांडले. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडून 'टी' मूल्य काढून घेतले. मराठी शाळेचे मध्यमान जास्त निघाले आणि फरक 'सार्थक' ठरला. चर्चासत्रात निबंध वाचला, टाळ्या मिळाल्या. पालकांनी वर्ग चालू ठेवावा म्हणून निवेदन तयार केले, त्याला तो निबंध जोडला.

निवेदन घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी निबंध चाळला आणि एकच विचारले, "मॅडम, त्या दिवशी वर्गात किती मुले हजर होती?" मला सांगता आले नाही. बाहेर आल्यावर त्या शाळेतले जुने गुरुजी हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही आलात तेव्हा कापूस वेचणी चालू होती. निम्मी पोरं आईबापासंगं शेतात होती. आली होती ती रोजची येणारी. आणि खरं सांगू का, पाहुणे येणार म्हणून दोन-चार कच्च्या पोरांना मीच बाजूला बसवलं होतं. तुमच्या चांगल्यासाठीच."

दुसऱ्या शाळेत त्या दिवशी जवळजवळ सगळा वर्ग हजर होता. म्हणजे मी एका शाळेतली निवडक मुले आणि दुसऱ्या शाळेतली सगळी मुले तोलून पाहिली होती. त्या वर्गाचे पुढे जे झाले त्याला पटसंख्येपासून अनेक कारणे होती. पण आमच्या हातातला कागद पहिल्याच प्रश्नाला फाटला, आणि तो फाटल्यावर आमच्या इतर रास्त मुद्द्यांकडेही कुणी नीट पाहिले नाही. तेव्हापासून माझ्याकडे भाषाशिक्षणावरचा कोणताही 'प्रायोगिक अभ्यास' तपासायला आला, की निष्कर्षाचे पान मी शेवटी उघडते.

आपण मराठीची माणसे असल्यामुळे एक गोष्ट आपल्या लवकर लक्षात यावी. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग आपण मुलांना शिकवतो. प्रबंधांची भाषा बहुधा कर्मणीत चालते: "विद्यार्थ्यांची निवड करण्यात आली", "गट पाडण्यात आले", "चाचणी घेण्यात आली". या रचनेत कर्ता गळून पडतो, आणि संशोधनात नेमका तोच महत्त्वाचा असतो. निवड कुणी केली? मुख्याध्यापकांनी, संशोधकाने की चिठ्ठीने? गट कसे पडले? गुण कुणी दिले, आणि देणाऱ्याला मूल कोणत्या गटातले आहे हे ठाऊक होते का? अशी प्रत्येक कर्मणी ओळ कर्तरीत करून पाहावी. जिथे कर्ता सापडत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करावी.

आता एक खरा अभ्यास घेऊन हे करून पाहू. तो फार दूरचा नाही. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. त्याचा अहवाल 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर १९९९ मध्ये आला. प्रश्न साधा होता. खेड्यातली बाळे घरीच जन्मतात, आजारी पडली तर दवाखाना लांब असतो. मग गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन तिने घरोघर जाऊन बाळाची काळजी घेतली, ऊब, स्तनपान, श्वास यांकडे लक्ष दिले आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले, तर किती बाळे वाचतील?

पहिला मुद्दा रचनेचा. संशोधकांनी ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सेवा सुरू करण्यापूर्वी दोन वर्षे, १९९३ ते १९९५, दोन्हीकडे फक्त नोंदी केल्या. नंतर १९९५ ते १९९८ ही तीन वर्षे सेवा चालली आणि नोंदीही चालू राहिल्या.

तुलनागावे का हवीत? समजा, ती नसती आणि सेवेच्या गावांत मृत्यू घटले असते. तर कुणीही म्हणू शकला असता की त्या वर्षांत रस्ता झाला, पीक चांगले आले, लोक शिकले, म्हणून घटले. शेजारची गावे त्याच काळातून, त्याच पावसातून जात असतात. तिथे घट नसेल आणि इथे असेल, तर सेवेकडे बोट दाखवायला आधार मिळतो. आधीची दोन वर्षे का हवीत? सुरुवातीला दोन्हीकडची स्थिती सारखी होती की नाही, हे कळण्यासाठी. इथे जन्मानंतर २८ दिवसांच्या आतला मृत्युदर सेवेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ आणि तुलनागावांत ५८ होता. म्हणजे सेवेची गावे आधीपासून सुस्थितीत होती, असे म्हणता येत नाही.

आता या रचनेतला कच्चा दुवा पाहू. कोणत्या गावांत सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. संशोधनाच्या भाषेत गटवाटप यादृच्छिक नव्हते. चिठ्ठीचा फायदा असा, की आपल्याला माहीत असलेले फरक आणि माहीत नसलेले फरकही दोन्ही गटांत सारखे विखुरले जाण्याची शक्यता मोठी असते. चिठ्ठी नसेल, तर माहीत असलेले फरक आपण मोजून दाखवू शकतो. माहीत नसलेल्यांबद्दल वाचकाच्या मनात प्रश्न उरतो. शिवाय प्रयोग करणारे आणि निष्कर्ष काढणारे एकाच संस्थेचे होते. म्हणून वाचकाने विचारायला हवे, की मृत्यू मोजले कुणी?

याचे उत्तर अहवालात आहे. जन्म आणि मृत्यू यांची नोंद सेवा देणाऱ्या बायांनी न करता वेगळ्या कार्यकर्त्यांनी केली, आणि तीही दोन्ही क्षेत्रांत. इथे कर्ता सापडतो. आणखी एक शंका काढता येते. जन्मून लगेच गेलेल्या बाळाची नोंद 'मृत जन्मले' अशी झाली, तर नवजात मृत्युदर कागदावर आपोआप घटेल. ही शंका तपासण्याची सोय त्याच अहवालातल्या दुसऱ्या आकड्यात आहे. मृत जन्मलेली बाळे आणि पहिल्या आठवड्यात दगावलेली बाळे एकत्र धरून काढलेला दरही घटला, आणि तुलनेने त्याची निव्वळ घट ७१ टक्के होती. नुसती नोंदींची अदलाबदल झाली असती, तर ही बेरीज जागची हलली नसती. चांगला अहवाल असा असतो. वाचकाला जी शंका येईल तिच्या तपासणीचे साधन तो हाती देतो.

दुसरा मुद्दा नमुन्याचा. गडचिरोलीच्या अभ्यासात हा प्रश्न एका अर्थाने सोपा होता. त्या गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायचा होता, त्यामुळे कुणाला 'निवडण्याचा' प्रसंग आला नाही. आपल्या अभ्यासांत मात्र तो नेहमी येतो, आणि माझी चूक तिथेच झाली होती.

शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात नमुना समजावून सांगायला शेतासारखे उदाहरण नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना सर्वेक्षणाच्या शास्त्रातले जगमान्य नाव. १९४० च्या दशकात पीक उत्पादनाचा अंदाज कसा काढावा, यावर त्यांनी काम केले. सगळे शेत कापून मोजणे शक्य नसते, म्हणून शेतातला एक तुकडा यादृच्छिक पद्धतीने ठरवून तेवढाच कापतात आणि तोलतात. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की हा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगलेले दिसते. तुकड्याच्या कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून 'आत' धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. यात कुणाची लबाडी नसते, तरी चूक एकाच दिशेला झुकते. नमुन्यातल्या चुकीचा हा धोका ध्यानात ठेवा. दोन्ही बाजूंना होणाऱ्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. एकाच बाजूला झुकणारी चूक नमुना कितीही वाढवला तरी जात नाही. वेचणीच्या दिवसांत मी दोनऐवजी वीस शाळांत गेले असते, तरी गैरहजर मुले गैरहजरच राहिली असती.

शाळेतल्या प्रयोगात हे कसे सांभाळावे? याचा नमुना मुंबई आणि वडोदरा येथील महापालिकेच्या शाळांत २००१ ते २००३ या काळात झालेल्या 'बालसखी' अभ्यासात मिळतो. 'प्रथम' संस्थेचा तो कार्यक्रम होता. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर नेऊन वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज दोन तास मूळ वाचन आणि गणित शिकवायची. अभ्यास अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

वडोदऱ्यात निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली आणि निम्म्यांना चौथीसाठी. कुणाला काय, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. पुढच्या वर्षी इयत्तांची अदलाबदल झाली. त्यामुळे एका गटातली तिसरी दुसऱ्या गटातल्या तिसरीशी ताडून पाहता आली, आणि एकही शाळा रिकाम्या हाताने परतली नाही. 'आमच्या मुलांना का नाही?' या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाला या रचनेत उत्तर होते. चाचणीच्या दिवशी जी मुले आली नाहीत त्यांच्यासाठी चाचणी घेणारे पुन्हा शाळेत गेले, तरी न सापडलेल्यांना घरी गाठण्याचा प्रयत्न केला. मुंबईत दुसऱ्या वर्षी काही शाळांना ठरल्याप्रमाणे बालसखी मिळू शकली नाही. अशा शाळा गाळल्या असत्या, तर आकडा अधिक देखणा झाला असता. संशोधकांनी त्या त्यांच्या मूळ गटातच मोजल्या. कार्यक्रम प्रत्यक्षात जसा राबतो तसाच तो मोजायचा, हा त्यामागचा विचार.

तिसरा मुद्दा आकड्यांचा. इथे साहित्याचे विद्यार्थी बिचकतात, पण बिचकण्याचे कारण नाही.

गडचिरोलीत सेवेच्या तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत घरगुती काळजी पोहोचली आणि नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. ही घट सुमारे ५९ टक्के होते. अहवालात निव्वळ घट ६२.२ टक्के दिली आहे. कारण याच काळात तुलनागावांत दर घटला नव्हता, आणि निव्वळ आकड्यात दोन्हीकडच्या बदलांतला फरक धरतात. त्यापुढे 'पी' मूल्य ०.००१ पेक्षा कमी असे लिहिले आहे. याचा अर्थ बरेच जण 'निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता हजारात एकाहून कमी' असा करतात. तो बरोबर नाही. सेवेचा काहीच परिणाम होत नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी, एवढेच ते सांगते. गट मुळातच असमान होते का, मोजणी झुकलेली होती का, याबद्दल 'पी' मूल्य अवाक्षर बोलत नाही. माझ्या निबंधातले 'टी' मूल्य गणिताने अचूक होते. चूक त्याच्या आधीच होऊन बसली होती.

आणखी एक बारकावा. एका गावातली बाळे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. तीच दाई, तोच रस्ता, तेच पाणी. एका वर्गातली मुलेही तशीच, त्यांना एकच शिक्षक असतो. म्हणून दोन वर्गांतली ऐंशी मुले मोजली म्हणजे ऐंशी स्वतंत्र पुरावे मिळाले, असे धरू नये. एका बाजूला एकच वर्ग असेल, तर पद्धतीचा परिणाम आणि शिक्षकाचा परिणाम वेगळा काढताच येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत 'प्रायोगिक गट' म्हणजे संशोधकाने स्वतः उत्साहाने शिकवलेला वर्ग, आणि 'नियंत्रित गट' म्हणजे शेजारची तुकडी. तिथे पद्धत जिंकली की उत्साह, हे कोणते सूत्र सांगणार?

त्याच गडचिरोली अहवालात आणखी एक दावा आहे. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात उपचार सुरू होण्यापूर्वी १६३ रुग्णांपैकी १६.६ टक्के दगावले, आणि गावातल्या आरोग्यदूतांनी उपचार केल्यावर ७१ रुग्णांपैकी २.८ टक्के. हिशेब केला तर हे २७ आणि २ मृत्यू होतात. फरक मोठा आहे, पण ही तुलना आधी आणि नंतरची आहे, आणि दुसऱ्या काळातले मृत्यू फक्त दोन आहेत. आणखी दोन बाळे गेली असती, तर टक्केवारी दुप्पट झाली असती. म्हणून पहिल्या दाव्याइतके वजन मी या दाव्याला एकट्याला देणार नाही. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, ही त्याची जमेची बाजू. एकाच निबंधातली सगळी वाक्ये सारख्या ताकदीची नसतात, हे आपल्याला कवितासंग्रहावरून ठाऊक आहेच.

बालसखी अभ्यासात परिणाम प्रमाण विचलनाच्या मापात दिला आहे: पहिल्या वर्षी ०.१४, दुसऱ्या वर्षी ०.२८. साध्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध, पन्नासाव्या जागी असलेले मूल ०.२८ ने वर सरकले तर साधारण एकसष्टाव्या जागी जाते. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने हा परिणाम सुमारे ०.१ पर्यंत उतरला. संशोधकांनी हेही छापले. 'सार्थक' हा शब्द वाचून थांबू नये. फरक केवढा आणि किती काळ टिकला, ही दोन्ही उत्तरे मागावीत.

मग गडचिरोलीच्या प्रयोगाबद्दल शेवटी काय म्हणावे? चिठ्ठी नसल्याची उणीव खरी. आधीची मोजणी, समकालीन तुलना, स्वतंत्र नोंद आणि मोठा परिणाम ही बळेही खरी. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारावा, की दुसऱ्या कुणी, दुसरीकडे करून पाहिले का? उत्तर प्रदेशातील शिवगढ आणि बांगलादेशातील सिल्हेट येथे गावांचे गट यादृच्छिक वाटून नवजात काळजीचे प्रयोग झाले. दोन्हींचे अहवाल २००८ मध्ये आले. कार्यक्रम हुबेहूब तोच नव्हता, पण नवजात मृत्युदर शिवगढला ५४ टक्के आणि सिल्हेटला घरगुती काळजीच्या गटात ३४ टक्के कमी आढळला. आकडे लहान झाले, दिशा तीच राहिली. भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांची घरगुती काळजी देशभर सुरू केली. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये, आणि त्यात उणीव सापडली म्हणून तो फेकूनही देऊ नये.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाई येथे गोंड मुलांसाठी शिक्षणाची योजना सुरू केली आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. मातृभाषेतून शिक्षणाची बाजू मांडताना आपण मार्लवाईचा उल्लेख 'यशस्वी प्रयोग' म्हणून करतो. ते मोठे काम होते, यात वाद नाही. पण संशोधनाच्या अर्थाने तो प्रयोग नव्हता, कारण तिथे तुलना नव्हती. त्याला प्रेरणा म्हणावे, इतिहास म्हणावे. पुरावा म्हणून पुढे केले, तर समोरचा पहिल्याच प्रश्नाला आपल्याला अडवील. मी त्या अनुभवातून गेले आहे.

माध्यमांची तुलना मुळातच अवघड, हेही मान्य करू. माध्यम पालक निवडतात, आणि निवडणाऱ्या पालकांत ऐपत, शिक्षण, रोजगार यांचे फरक असतात. कुणाच्या मुलाचे माध्यम चिठ्ठीने ठरवणे योग्य नाही. पण मराठी माध्यमाच्या शाळांत रोज एक तास गोष्टीच्या पुस्तकांचे वाचन घ्यायचे असेल, तर यंदा कोणत्या शाळांत तिसरीला आणि कोणत्या शाळांत चौथीला, हे चिठ्ठीने ठरवता येईल, आणि पुढच्या वर्षी उलट करता येईल. बेला, जैनद, तामसी या भागांतल्या शाळा आणि शिक्षणशास्त्राचे आपले विद्यार्थी मिळून हे करू शकतात. गुण देणाऱ्याला मुलाचा गट माहीत नसावा. गैरहजर मुलाच्या घरी जावे. निकाल काय लागला तर काय म्हणू, हे आधी लिहून अकादमीकडे बंद पाकिटात ठेवावे. आणि फरक दिसला नाही, तरी तो निबंध याच वार्षिकांकात छापावा. अशी माझी अकादमीला विनंती आहे.

चाचणीची तारीख ठरवण्याआधी मात्र गावातल्या गुरुजींना विचारा, की वेचणी कधी संपते.